उन्हाळ्यापुरता पाहुणा: इव्हान इलिच यांचे १९६८ चे भाषण पुन्हा वाचताना



आज मी एका भाषणावर भाषण करणार आहे. तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना ही खोड असते, स्वतःचं काही सुचलं नाही की दुसऱ्याचं घेऊन बसतात. पण या खेपेला कारण वेगळं आहे. ते आधी सांगतो, म्हणजे भाषण का निवडलं ते कळेल.

गेल्या हिवाळ्यात आपल्याच तालुक्यातली एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. एम.ए. करते आहे. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गाला तिला प्रवेश मिळाला होता. विषय 'मानवी हक्क आणि विकास'. चार आठवडे वर्ग, नंतर दोन आठवडे एका संस्थेत इंटर्नशिप. तिला माझं शिफारसपत्र हवं होतं. वडिलांना वेगळंच काही हवं होतं. चार एकर जमीन, कपाशी आणि तूर. फी, विमानाचं तिकीट, व्हिसा, राहणं-खाणं असा सगळा हिशेब अडीच-तीन लाखांच्या घरात जात होता. ते म्हणाले, "सर, पोरीच्या मनात हाय. तुम्ही म्हनान तं बैलजोडी इकतो." आणि गप्प बसले.

आता एखाद्यानं बैलजोडीचा निर्णय आपल्यावर सोडला की तत्त्वज्ञान सुचत नाही. मी वेळ मागून घेतला. आणि मास्तरकीच्या सवयीनं त्या मुलीच्या हातात एक छापील भाषण ठेवलं, म्हटलं, हे वाचून ये, मग बोलू. ते हे इलिच यांचं भाषण.

इव्हान इलिच जन्मानं व्हिएन्नाचे. १९२६ चा जन्म, २००२ मध्ये वारले. कॅथलिक धर्मगुरू होते, न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोहून आलेल्या गरीब लोकांत काम केलं, मग मेक्सिकोत कुएर्नावाका या गावी एक केंद्र चालवलं. शाळा नावाच्या संस्थेवर त्यांनी १९७१ साली लिहिलेलं पुस्तक आपल्याकडच्या शिक्षणवाल्यांनी खूप वाचलं. पण हे भाषण त्याआधीचं, २० एप्रिल १९६८ चं. श्रोते कोण, तर अमेरिका आणि कॅनडातले विद्यार्थी आणि त्यांचे संयोजक. ही मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला जात. विहीर खण, भिंत बांध, आरोग्याचं सांग, असं. त्यांनी इलिचना पाहुणे म्हणून बोलावलं, आणि पाहुण्यानं त्यांना सांगितलं की बाबांनो, घरी जा. भाषणाला पुढे जे नाव पडलं त्याचं मराठी मी असं करतो: 'चुलीत जावोत तुमचे सद्हेतू'.

म्हणणं थोडक्यात असं. तुमची भावना चांगली आहे यानं काही सिद्ध होत नाही. तुम्ही ज्या गावात उतरता तिथली भाषा तुम्हाला येत नाही, म्हणून लोक तुमच्याबद्दल काय म्हणतात हेही तुम्हाला कळत नाही. तुम्ही येता तेव्हा तुमच्यासोबत तुमच्या देशाचा पैसा, तुमच्या मध्यमवर्गाचं राहणीमान येतं, आणि न बोलता तुम्ही त्याचीच जाहिरात करता. सेवा करायची हौसच असेल तर आपल्याच देशातल्या अशा गरिबांत करा, जे तुम्हाला तोंडावर 'चालते व्हा' म्हणू शकतील. मेक्सिकोत यायचं तर बघायला या, शिकायला या, डोंगर चढा, फुलं बघा. मदत करायला येऊ नका.

मी हे भाषण वर्गात कितीदा वाचून दाखवलं असेल त्याची गणती नाही. दरवेळी मला ते बिनतोड वाटे. तर आठ दिवसांनी ती मुलगी परत आली. कागद टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "सर, भाषण चांगलं हाय. पण हे मले उद्देशून नाहीच."

मी विचारलं, म्हणजे?

"म्हणजे ते तिकडून इकडे येणाऱ्यायले बोलून राहिले. मी तं इकडून तिकडे जाऊन राहिले. माह्याजवळ कोनता पैसा हाय का मी तिथं कोनाले दिपवीन?"

तीस वर्षं शिकवलेल्या मजकुरात मला हे दिसलं नव्हतं. इलिचच्या भाषणात दोनच माणसं आहेत. एक जाणारा, तो उत्तरेचा, सुखवस्तू. दुसरा ज्याच्याकडे जायचं तो, दक्षिणेचा, गरीब, आणि आपल्या जागी बसलेला. हा दुसरा माणूस कधी उठून पहिल्याच्या घरी जाईल, त्याच्या वर्गात बसेल, त्याचीच पुस्तकं घेऊन त्याच्याशी वाद घालेल, ही शक्यताच भाषणात नाही. गरिबाची बाजू घेणाऱ्या या भाषणात गरिबाला प्रवास नाही. टीका म्हणून मला पहिली गोष्ट हीच नोंदवायची आहे.

दुसरी गोष्ट आपल्या विदर्भातली आहे म्हणून तिच्यावर जरा थांबतो. इलिच वर्ध्याला येऊन गेले. १९७८ च्या जानेवारीत सेवाग्राम आश्रमात एका परिषदेचं उद्घाटन त्यांनी केलं आणि बापूकुटीवर बोलले. माती, लाकूड, मोजकीच जागा, त्यात माणसाला पुरेल एवढंच सामान. त्या कुटीत बसून त्यांना जे वाटलं ते त्यांनी सांगितलं. ते भाषणही सुंदर आहे आणि स्वतःच्या उपदेशाला धरून आहे. ते आले, बसले, पाहिलं, शिकले, कुणाला मदत केली नाही.

पण ती कुटी मुळात कुणाची? ती मीराबेनची. मॅडलिन स्लेड, ब्रिटिश नौदलातल्या ॲडमिरलची मुलगी. १९२५ साली साबरमतीला आली, पुढे सेगावात राहिली, तिथं तिनं हे घर उभं केलं आणि गांधीजी नंतर त्यात राहायला गेले. म्हणजे ज्या कुटीपुढे इलिच नतमस्तक झाले ती एका परदेशी बाईच्या हातची. दहा वर्षांपूर्वी ते ज्यांना 'घरी जा' म्हणाले होते, त्यांच्याच जातकुळीतली. फरक एवढाच की ती उन्हाळ्यापुरती आली नव्हती. तेहतीस-चौतीस वर्षं राहून ती १९५९ मध्ये हा देश सोडून गेली. इलिचना हे नात्यातलं साम्य लक्षात आलं होतं की नाही, ते तेच जाणोत.

आणि आणखी एक. मातीच्या घराचं कौतुक करायला मातीच्या घरात राहावं लागत नाही, असं असलं की बरं असतं. त्या मुलीच्या घराची मागची भिंत मातीचीच आहे. दर पावसाळ्यात एक कोपरा उतरतो. गांधीजींनी कुटी निवडली. तिच्या बापानं भिंत निवडलेली नाही. निवड आणि नाइलाज एकाच मातीचे असले तरी एकच नव्हेत, हे इलिचसारख्या बारीक नजरेच्या माणसानं ठळकपणे सांगायला हवं होतं, असं मला वाटतं.

इथं कुणी म्हणेल, सर, तुम्ही इलिचला मोडीत काढून राहिले. तसं नाही. त्यांच्या भाषणातला एक मुद्दा असा आहे की तो बाकी सगळं गळून पडलं तरी उरतो. ज्याच्याकडे तुम्ही जाता, तो तुम्हाला 'चालते व्हा' म्हणू शकतो का? आणि म्हणाला तर ते तुम्हाला कळेल का? हा मुद्दा मी माझ्यावरच लावून दाखवतो.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत. म्हणजे इलिचच्या भाषणानंतर दीड वर्षाच्या आत. योगायोगच, पण बोलका. नव्वदीच्या सुमारास मी या योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. आमचं हिवाळी शिबिर सातपुड्याच्या पायथ्याशी एका कोरकू गावात गेलं. इथून उत्तरेला तोंड करून उभे राहिलात तर जो डोंगर दिसतो त्याच्या पलीकडच्या उताराला. पन्नास पोरं, दहा दिवस. नाल्यावर पोत्यांचा बंधारा घातला. हातपंपाशेजारी शोषखड्डा खणला. हातपंप उन्हाळ्यात कोरडा पडतो हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. रात्री दारूबंदीवर पथनाट्य, शुद्ध मराठीत. लोक येऊन बसत, हसत, टाळ्या वाजवत. शेवटच्या दिवशी एक म्हातारा उठून कोरकूत काही बोलला. गावच्या मास्तरांनी भाषांतर केलं, "आभार मानतात." मी अहवालात लिहिलं, 'ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद'.

दोन वर्षांनी तेच मास्तर अकोटच्या एसटी स्टँडवर भेटले. चहा पिता पिता हसून म्हणाले, "सर, त्या दिवशी बुवा काय म्हणाले होते सांगू? म्हणाले, पुढच्या वर्षी पोती पाठवा, पोरं नका पाठवू."

कोरकू ही मराठीची बोली नाही. मुंडा कुळातली भाषा आहे ती. संथाळी, मुंडारी या तिच्या बहिणी. आपल्या तालुक्याच्या हद्दीवर आपल्याहून वेगळ्या भाषाकुळातला समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो आणि आपल्यातल्या शंभरातल्या एकाला तरी त्यांचं एक वाक्य येतं का? मला अजून येत नाही, हे कबूल करतो. परदेश इंग्लंडलाच असतो असं नाही.

आणि मानवी हक्कांचा विषय शोधायला लांब जायला नको, हेही खरंच आहे. मेळघाट व्याघ्रप्रकल्प देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांतला, १९७३-७४ चा. त्यातली काही गावं पुनर्वसन करून खाली आणली. अमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी. लोक आपल्या अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत येऊन राहिले. काहींचं म्हणणं, ठरलं ते मिळालं नाही. जमीन, पाणी, दवाखाना, रोजगार. त्यांतले बरेच जण परत जंगलात गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथं गावकरी आणि वनखात्याचे, पोलिसांचे लोक यांच्यात संघर्ष झाला, दोन्हीकडचे जखमी झाले. वाघ वाचला पाहिजे हे मला मान्य आहे. पण जो माणूस वाघासाठी घर सोडून आला, त्याला आपण आठवडी बाजारापुरतंच ओळखतो. २००६ चा वनहक्क कायदा आपल्या किती महाविद्यालयांत कलमवार वाचला जातो?

म्हणून मग त्या मुलीला म्हणावं का, की बाई, इंग्लंड राहू दे, आधी डोंगर चढ? माझ्या मनात तेच आलं होतं. 'आधी आपलं घर पाहा' हे वाक्य आपण फार सहज बोलतो. पण ते कुणाला म्हणतो ते पाहिलं पाहिजे. डॉक्टरचा मुलगा अमेरिकेला निघाला की आपण हार घालतो. कास्तकाराची मुलगी निघाली की आपल्याला मेळघाट आठवतो.

इथं मी दोन जुने विद्यार्थी आठवतो. पहिले श्रीधर व्यंकटेश केतकर, ज्ञानकोशकार. शाळा अमरावतीची, म्हणजे आपल्या वऱ्हाडची. १९०६ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि तिथं बसून भारतातल्या जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो १९०९ ला निघाला. दुसरे बाबासाहेब आंबेडकर. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात भारतातील जातींवर त्यांनी निबंध वाचला. वय पंचवीस. त्या निबंधात ते सेनार्त, नेसफिल्ड, रिस्ले यांच्या व्याख्या एकेक करून तपासतात आणि मग केतकरांकडे येतात. केतकरांना ते बाकीच्यांपेक्षा अधिक गांभीर्यानं घेतात, आणि घेऊन त्यांचीही चूक दाखवतात. केतकर दोन लक्षणं म्हणून जे सांगतात, ते खरं एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असं.

हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. न्यूयॉर्कमधली एक खोली. एक मराठी विद्यार्थी दुसऱ्या मराठी विद्यार्थ्याचं पुस्तक घेऊन, परदेशी प्राध्यापकापुढे, आपल्याच गावगाड्याविषयी वाद घालतो आहे. एक ब्राह्मण, एक महार. हा वाद त्या काळी वऱ्हाडातल्या कुठल्या वाड्यात बरोबरीनं बसून झाला असता? परदेशानं आंबेडकरांना मदत केली का, सेवा शिकवली का, हे प्रश्नच गैरलागू आहेत. परदेशानं अशी एक जागा दिली जिथं त्यांनी दुसऱ्याला चूक म्हटलं आणि दुसरा त्यांना चूक म्हणू शकत होता. इलिचची कसोटी इथं उलट्या बाजूनं पुरी होते. त्यांनी ती फक्त गरीब यजमानाला लावली. पाहुण्यालाही ती लावता येते. तिथं मला कुणी 'तुझं चुकलं' म्हणेल का? मी तसं म्हटलं तर ऐकून घेतील का? वर्गात बसायचं की नाही ते यावर ठरावं.

आणि मला काळजी आहे ती इथेच. बाबासाहेब कोलंबियात तीन वर्षं होते, चार आठवडे नव्हते. चार आठवड्यांच्या वर्गात भारतातल्या खेड्यातून आलेल्या मुलीचं काय होतं? ती उभी राहते, सांगते की आमच्या गावाला खारं पाणी येतं. सगळे गंभीर होतात, टाळ्या वाजवतात. कुणी तिच्याशी वाद घालत नाही, कारण वाद घालणं असभ्य वाटतं. ती विद्यार्थिनी राहत नाही, नमुना होते. माझ्या शिबिरात म्हाताऱ्याला आम्ही टाळ्या वाजवल्या, तशाच त्या टाळ्या.

खाऱ्या पाण्याचं उदाहरण मी हवेतून घेतलं नाही. तिचं गाव खारपाणपट्ट्यातलं आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा, जिथं विहीर खणली तर लागतं ते पाणी पिता येत नाही. तुम्हाला मी काय सांगू, तुमच्यापैकी निम्मे त्याच पाण्यावर वाढले. आता त्या उन्हाळी वर्गाच्या वाचनात २८ जुलै २०१० चा संयुक्त राष्ट्रांचा ठराव होता, पिण्याच्या शुद्ध पाण्याचा हक्क हा मानवी हक्क आहे असं मान्य करणारा. १२२ देश बाजूनं, विरुद्ध कुणी नाही, ४१ तटस्थ. भारत बाजूनं होता. ब्रिटन तटस्थ होता. मी तिला म्हटलं, ज्या देशात तू पाण्याचा हक्क शिकायला चाललीस, त्यानं हात वर केला नव्हता. आणि ज्या देशानं केला, त्यात तुझा हंडा आहे. हे दोन्ही प्रश्न तिथं विचारशील का? ती म्हणाली, "विचारीन. पण मले त्यायनं फक्त टाळ्या वाजवल्या तं?" माझी काळजी तिनं माझ्याआधीच केली होती.

पैशाचं मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. या उन्हाळी वर्गांची आणि इंटर्नशिपची सगळी रचनाच घरचा पैसा असलेल्यांसाठी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. २०१५ साली न्यूझीलंडचा एक बावीस वर्षांचा तरुण जिनिव्हात अशा इंटर्नशिपवर असताना तंबू ठोकून राहत होता, भाडं परवडत नाही म्हणून. बातमी जगभर झाली, त्यानं काम सोडलं. समान संधीवर अहवाल निघतात त्या गावातली ही गोष्ट. न्यूझीलंडच्या मुलाला परवडेना, तिथं तेल्हाऱ्याचं काय? आपल्या राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची अनुसूचित जातींच्या मुलांसाठी आहे, पण त्या पूर्ण पदवीच्या शिक्षणाला. चार आठवड्यांच्या वर्गाला नाहीत, आणि मला वाटतं ते बरोबरच आहे. सार्वजनिक पैसा लागायचा तर त्या मुक्कामाला लागावा, ज्यात वाद घालायला वेळ मिळतो.

इलिचबद्दल एक शेवटचं, कारण ते त्यांच्या बाजूचं आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढं जाणं अन्यायाचं होईल. त्यांचं कुएर्नावाकाचं केंद्र चालायचं कशावर? तिथं बाहेरून येणाऱ्यांना स्पॅनिश शिकवत, कसून, तासन्‌तास, त्याच्या फीवर. म्हणजे 'येऊ नका' म्हणणारा हा माणूस येणाऱ्यांना भाषा शिकवून पाठवत होता. त्यांच्या कडक भाषणापेक्षा मला त्यांची ही शिकवणी जास्त पटते. म्हातारा काय म्हणाला ते कळायला मास्तराची दोन वर्षं वाट पाहावी लागू नये, याची सोय तिथं होती.

तर बैलजोडीचं काय झालं. वडिलांना मी सांगितलं, विकू नका. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच पाठवा, नाही तर वर्षभराच्या शिक्षणाचा अर्ज करू द्या. ते हो-नाही काही बोलले नाहीत, पण जाताना दारात चप्पल घालायला जरा जास्त वेळ लावला. मुलीला शिफारसपत्र दिलं. त्यात लिहिलं की ही विद्यार्थिनी मला चूक दाखवू शकते, आणि दाखवली आहे. तुम्हालाही दाखवेल, तयारी ठेवा. विद्यापीठानं अर्धी फी माफ केली. विमानाचं तिकीट कुणी देत नाही. वर्गाला अजून अवकाश आहे आणि आमचे काही मित्र म्हणतात, वर्गणी काढू. मला वर्गणी नको वाटते. वर्गणीवर गेलेल्या मुलीला परत आल्यावर 'काही खास नव्हतं' असं म्हणायची मोकळीक राहत नाही. बैल विकून गेलेल्या मुलीला तर त्याहून नाही. यावर तिचं आणि माझं एकमत झालेलं नाही. तिला वाटतं, मी तिच्या वाटेत तत्त्वज्ञान आडवं घालतो आहे. असेल.

आज ती इथंच आहे, मागच्या रांगेत. तिला विचारून, तिच्या परवानगीनं बोललो, पण तिचं म्हणणं मी माझ्या तोंडून सांगितलं, म्हणजे त्यात माझी भेसळ झालीच असणार. प्रश्नोत्तरं सुरू करायच्या आधी माईक मागं पाठवा. पहिली ती बोलेल.